विश्लेषण : राइट बंधूंच्या आधी दोन हजार वेळा हवेत झेपावलेला इंजिनीअर! कोण होते ओटो लिलिएंथाल?

विमानाचा शोध कोणी लावला, याचे उत्तर शाळेतच पाठ झालेले असते. राइट बंधूंनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, अमेरिकेतील किटी हॉकजवळ. उत्तर बरोबर आहे. पण सायकलचे दुकान चालवणाऱ्या या दोन भावांच्या डोक्यात उडण्याचा विषय पक्का बसला तो एका मृत्यूच्या बातमीमुळे. ऑगस्ट १८९६ मध्ये जर्मनीत एका इंजिनीअरचा स्वतःच बनवलेल्या ग्लायडरमधून पडून मृत्यू झाला होता. त्याच सुमारास धाकटा ऑर्व्हिल टायफॉइडने अंथरुणाला खिळला होता. त्याची शुश्रूषा करणाऱ्या विल्बरच्या वाचनात ही बातमी आली आणि ती त्याच्या मनातून गेली नाही.

हे इंजिनीअर म्हणजे ओटो लिलिएंथाल. मृत्यूपूर्वीच्या पाच वर्षांत ते दोन हजारांहून अधिक वेळा टेकडीवरून हवेत झेपावले होते. त्यांच्या ग्लायडरला इंजिन नव्हते, चाके नव्हती, बसायला जागाही नव्हती. तरीही माणूस हवेपेक्षा जड यंत्रातून उडू शकतो, तेही पुन्हा पुन्हा आणि ठरवून, हे जगाला पटले ते त्यांच्यामुळे.

करकोच्यांच्या मागे धावणारी दोन मुले

ओटो यांचा जन्म २३ मे १८४८ रोजी प्रशियातील पोमेरेनिया प्रांतात, आनक्लाम या छोट्या गावात झाला. वर्षभराने भाऊ गुस्ताव जन्मला. वडील कापडाचे व्यापारी. धंद्यात खोट आली, म्हणून कुटुंबाने अमेरिकेला जायचे ठरवले होते. पण १८६१ मध्ये वडील अचानक गेले आणि तो बेत तिथेच राहिला. आठ भावंडांपैकी ओटो, गुस्ताव आणि बहीण मारी ही तिघेच जगली. संगीत शिकलेल्या आईने त्यांना वाढवले.

आनक्लामच्या आसपास ओली कुरणे होती आणि तिथे पांढऱ्या करकोच्यांची वस्ती असे. करकोचा हा तसा बोजड पक्षी. उडण्याआधी त्याला चार पावले पळावे लागते. दोघा भावांच्या एक गोष्ट लक्षात आली. आपण जवळ गेलो की करकोचा घाबरून आपल्यापासून दूर नव्हे, तर वाऱ्याच्या दिशेने तोंड करून पळतो, मग त्यासाठी आपल्याकडे यावे लागले तरी चालेल. समोरून येणारा वारा त्याला उचलायला मदत करतो, हे त्या वयात त्यांना कळले. आजही मुंबई विमानतळावरून विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जातच उड्डाण करते, त्यामागचे कारण तेच.

तेरा-चौदा वर्षांचे असताना दोघांनी लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे पंख केले, हातांना बांधले आणि टेकडीवरून पळत सुटले. हा उद्योग रात्री, चांदण्यात चाले. वर्गातल्या मुलांनी पाहिले तर हसतील, ही भीती! उड्डाण अर्थातच झाले नाही.

पुढे ओटो पॉट्सडॅमच्या तांत्रिक शाळेत शिकले, बर्लिनच्या यंत्रांच्या कारखान्यात उमेदवारी केली आणि बर्लिनच्या औद्योगिक अकादमीतून इंजिनीअर झाले. १८७० मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू झाले, तेव्हा ते सैन्यात गेले आणि परत आले. परतल्यावर काय करायचे, हे त्यांच्यापुरते ठरलेले होते. पण आता पंख बांधून पळायचे नव्हते, मोजायचे होते.

पंखाला बाक का हवा?

लिलिएंथाल यांचे खरे काम समजून घ्यायचे तर इथे जरा थांबावे लागेल.

त्या काळी उडण्याचा विषय म्हणजे सर्कस आणि विद्वान यांच्या मधली काहीतरी गोष्ट होती. हेल्महोल्ट्झ यांच्यासारख्या मोठ्या जर्मन शास्त्रज्ञाने गणित मांडून, माणूस स्वतःच्या स्नायूंच्या जोरावर पंख हलवून उडण्याची शक्यता फार कमी असल्याचे सांगितले होते. उडण्याचे प्रयोग करणारा माणूस वेडा, अशीच लोकांची समजूत होती. पंखावर हवा नेमके किती बल लावते, याचे भरवशाचे आकडे मात्र कोणाकडेच नव्हते.

१८७० च्या दशकात ओटो आणि गुस्ताव यांनी ते मोजायला घेतले. त्यांचे उपकरण साधे होते. एक उभा खांब, त्यावर आडवा फिरणारा दांडा आणि दांड्याच्या टोकांना पंखाचे नमुने. दोरीला टांगलेले वजन खाली येताना दांडा फिरवायचे. वजन माहीत, वेग माहीत. मग पंखाला किती बल वर उचलते आणि किती बल मागे ओढते, हे काढता येते. उचलणाऱ्या बलाला आज आपण लिफ्ट म्हणतो आणि मागे ओढणाऱ्याला ड्रॅग. पंख समोरच्या हवेशी जो कोन करतो, तो बदलत त्यांनी एकामागून एक मोजमापे घेतली. नंतर मोकळ्या मैदानात, खऱ्या वाऱ्यातही घेतली.

त्यातून निघालेला निष्कर्ष एका वाक्याचा होता : सपाट फळीपेक्षा किंचित बाक दिलेला पंख कितीतरी जास्त उचल देतो आणि त्या मानाने मागे कमी ओढतो. पक्ष्याच्या पंखाला असतो तसा बाक. तो फार नको. पंखाच्या रुंदीच्या बाराव्या हिश्शाइतका बाक त्यांच्या मोजमापांत चांगला ठरला. वक्र पृष्ठभागाचा फायदा इतरांच्याही लक्षात आला होता. पण कोणत्या कोनाला किती लिफ्ट आणि किती ड्रॅग, याचा पद्धतशीर तक्ता मांडला तो लिलिएंथाल यांनी.

मेकॅनिकल किंवा एरोनॉटिकल शाखेत शिकलेल्यांना एक आलेख आठवत असेल. एका अक्षावर ड्रॅग, दुसऱ्यावर लिफ्ट आणि वळणावळणाने वर चढणारी रेघ. त्याला पोलर म्हणतात. परीक्षेसाठी हा आलेख काढणाऱ्या आमच्यासारख्या अनेकांना तो मुळात कोणी मांडला हे माहीत नसते. विमानाचा पंख असो की पवनऊर्जेच्या टर्बाइनचे पाते, डिझाइन करताना ही रेघ आजही काढली जाते. ती पहिल्यांदा काढली लिलिएंथाल यांनी.

मोजमापे हातात होती, तरी ती लगेच छापली मात्र नाहीत. मधली दहा-पंधरा वर्षे पोटापाण्यात गेली.

खेळण्यात बुडाले, बॉयलरने तारले

या काळातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दोघा भावांनी मुलांसाठी खेळण्यातले दगडी ठोकळे तयार केले. वाळू, खडू आणि जवसाचे तेल यांचे मिश्रण दाबून केलेले हे ठोकळे रचून घरे, पूल, मनोरे बांधता येत. कल्पना उत्तम, पण विकता आली नाही. शेवटी १८८० मध्ये रिष्टर नावाच्या उद्योजकाला ती अगदी थोडक्या रकमेत विकून टाकली. रिष्टर यांनी त्याच ठोकळ्यांवर 'अँकर' हे नाव घालून जगभर धंदा केला. भावांनी नंतर पुन्हा त्याच धंद्यात उतरायचा प्रयत्न केला, तेव्हा कोर्टकचेऱ्या झाल्या आणि होते तेही पैसे गेले. गुस्ताव काही वर्षे ऑस्ट्रेलियाला निघून गेले.

ओटो यांना तारले ते बॉयलरने. त्यांनी वेटोळ्या नळ्यांचा छोटा बॉयलर काढला. मोठ्या टाकीऐवजी नळ्यांत थोडेच पाणी असल्याने तो फुटून अनर्थ होण्याचा धोका खूप कमी होता. त्यामुळे छोट्या कारखानदारांनाही वाफेचे इंजिन बसवता येऊ लागले. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये त्यांचा स्वतःचा कारखाना उभा राहिला. त्यांच्या नावावर २५ पेटंट जमा झाली. त्यातली उडण्याशी संबंधित फक्त चार आहेत, हे लक्षात घेतले तर हा माणूस दिवसभर काय करत होता ते कळते. १८९० मध्ये त्यांनी नफ्यातला २५ टक्के वाटा कामगारांना द्यायला सुरुवात केली. त्या काळात हे फार क्वचित होत असे. पुढे ते बर्लिनच्या एका नाट्यगृहाचे भागीदार झाले. कामगारांना परवडेल अशा तिकिटात नाटक दाखवायचे, ही त्यामागची धडपड. त्यांनी स्वतः एक नाटक लिहिले आणि रंगमंचावरही उभे राहिले!

१८७८ मध्ये त्यांचे अ‍ॅग्नेस फिशर यांच्याशी लग्न झाले होते. खाणीसाठीच्या यंत्रांच्या कामानिमित्त ते सॅक्सनीत गेले असताना दोघांची ओळख झाली होती. अ‍ॅग्नेस खाणकामगाराच्या घरातल्या. त्यांना चार मुले झाली.

संसार आणि कारखाना मार्गी लागल्यावर ओटो पुन्हा जुन्या विषयाकडे वळले. गुस्तावही परतले होते. लिश्टरफेल्डे या उपनगरातल्या घराच्या बागेत करकोच्यांची पिल्ले पाळली गेली. ती उडायला कशी शिकतात, हे बघत दोघे भाऊ बसत. १८८९ मध्ये ओटो यांचे पुस्तक आले. पक्ष्यांचे उड्डाण हाच माणसाच्या उड्डाणकलेचा पाया, असे त्याचे नावच सांगते. त्यात सगळे आकडे आणि आलेख होते. आज हे पुस्तक विमानशास्त्राच्या इतिहासातले मैलाचा दगड मानले जाते. तेव्हा मात्र फार कोणी विकत घेतले नाही.

मग प्रत्यक्ष उड्डाण कसे सुरू झाले?

पुस्तक छापले तेव्हा ओटो ४१ वर्षांचे होते. पुढचे पाऊल त्यांनी ज्या पद्धतीने टाकले, ते मला व्यक्तिशः त्यांच्या मोजमापांहून मोठे वाटते. त्यांनी यंत्र बांधून कड्यावरून उडी मारली नाही. आधीच्या अनेकांनी तेच केले होते आणि त्यातले बरेच जण मेले होते.

सुरुवातीला ते पंख अंगावर घेऊन नुसते वाऱ्यात उभे राहिले. पंख कसा ओढतो, कुठे कलतो, हे अंगाला कळावे म्हणून. मग बागेत एक फळी ठोकली आणि तिच्यावरून उड्या मारल्या. आधी मीटरभर उंचीवरून. मग उंची थोडी थोडी वाढवत दोन मीटरपर्यंत. घरच्या बागेत दाढीवाला कारखानदार पंख लावून उड्या मारतोय, हे शेजाऱ्यांना कसे दिसले असेल याची कल्पना करा.

१८९१ मध्ये ते पॉट्सडॅमजवळच्या डर्वित्स गावी गेले. तिथल्या गिरणीमालकाने ग्लायडर ठेवायला धान्याचे कोठार दिले. इथल्या उंचवट्यावरून त्यांनी सुमारे २५ मीटरपर्यंतची उड्डाणे केली. २५ मीटर म्हणजे एसटीच्या दोन बस एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढे अंतर. पण याच ठिकाणी माणसाच्या उड्डाणाची सुरुवात झाली, असे अनेक इतिहासकार मानतात. कारण हे नशिबाने झालेले उड्डाण नव्हते. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा करता येत होते.

पुढच्या वर्षी बर्लिनजवळच्या खडीच्या खाणीवरून अंतर ८० मीटरवर गेले. १८९३ मध्ये बर्लिनच्या वायव्येला असलेल्या रिनोच्या टेकड्यांवरून २५० मीटर. दरवर्षी ग्लायडर बदलत होता, कारण आदल्या वर्षी काय चुकले हे माहीत होते. मागे शेपूट आले : वळू नये म्हणून उभे पाते आणि नाक खाली-वर होऊ नये म्हणून आडवे.

रिनोच्या टेकड्या बर्लिनहून लांब पडत. आठवडाभर कारखाना सांभाळणाऱ्या माणसाला रोज सराव करायला जवळची जागा हवी होती. म्हणून १८९४ मध्ये लिश्टरफेल्डेत, विटांच्या भट्टीच्या राड्यारोड्यातून त्यांनी चक्क स्वतःची टेकडी उभी केली. १५ मीटर उंच आणि आकाराने शंकूसारखी. वारा कोणत्याही दिशेने आला तरी त्याला सामोरे धावता यावे, म्हणून शंकू. माथ्यावर ग्लायडर ठेवण्याची शेड. सुट्टीच्या दिवशी ही टेकडी बघायला बर्लिनकरांची गर्दी होऊ लागली.

पहिले 'प्रॉडक्शन मॉडेल'

१८९४ मध्येच त्यांनी एक ठरावीक ग्लायडर विकायला काढला. विलोच्या फांद्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले सुती कापड, पंखांचा विस्तार पावणेसात मीटरच्या आसपास, क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस मीटर आणि वजन जेमतेम २० किलो. पंख वटवाघळासारखे मिटायचे, त्यामुळे तो नेता-आणता येई. किंमत ५०० मार्क. एकाच आराखड्याची अनेक विमाने बनवून विकण्याचा जगातला हा पहिला प्रकार समजला जातो.

घेणाऱ्यांची नावे बघा. रशियन विमानशास्त्राचे जनक मानले जाणारे निकोलाय झुकोव्स्की, ब्रिटनचे पर्सी पिल्चर, अमेरिकी वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट. हर्स्ट यांच्याकडचा ग्लायडर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पिल्चर स्वतः जर्मनीत जाऊन लिलिएंथाल यांच्याकडून शिकून आले, घरी स्वतःचे ग्लायडर बांधू लागले. १८९९ मध्ये त्यांचाही ग्लायडर कोसळून मृत्यू झाला.

विक्रीपेक्षा जास्त परिणाम झाला तो फोटोंचा. ओटोमार आन्शुट्झ यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी वेगवान शटर वापरून लिलिएंथाल यांना हवेत टिपले. वृत्तपत्रांत आणि मासिकांत फोटो छापण्याचे तंत्र नुकतेच सुधारले होते. पंख पसरून जमिनीच्या बऱ्याच वर लटकलेला माणूस आणि खाली उभी लोकांची लहान आकृती! हे चित्र रेखाटन असते तर कोणी विश्वास ठेवला नसता. माणूस उडतो, याचा हा पुरावा अमेरिकेपासून रशियापर्यंत पोहोचला. त्यांच्या उड्डाणांचे शंभराहून अधिक फोटो आज उपलब्ध आहेत.

ग्लायडर वळायचा कसा? इथेच तर अडचण होती

लिलिएंथाल यांच्या ग्लायडरला स्टिअरिंग नव्हते. पंखाच्या मधल्या मोकळ्या जागेत ते उभे राहत, दोन्ही हात सांगाड्यात रोवत आणि धावत जाऊन हवेत शिरले की शरीराचा खालचा भाग मोकळा लटकत असे. ग्लायडर डावीकडे कलला की पाय उजवीकडे फेकायचे. नाक वर गेले की पाय पुढे. म्हणजे स्वतःच्या वजनाने तोल साधायचा.

आजही हँग ग्लायडर याच तत्त्वावर उडतो. फरक एवढाच, पण मोठा, की आजचा वैमानिक पट्ट्याने मोकळा टांगलेला असतो आणि समोरचा दांडा ढकलून अख्खे शरीर पुढे-मागे नेऊ शकतो. लिलिएंथाल यांचे खांदे आणि हात पंखात अडकलेले होते. हलायचे ते फक्त कमरेखालचे अंग. त्यामुळे तोल सावरायला त्यांच्या हाताशी फारच थोडी ताकद असायची. वारा जरा चमकला की पायांची झटापट सुरू.

धोका त्यांना माहीत होता. १८९४ मध्ये एक ग्लायडर नाकावर कोसळला होता. तेव्हा समोर बसवलेल्या विलोच्या लवचीक कमानीने धक्का झेलला म्हणून ते वाचले. पंखांची टोके फिरवून वळण्याच्या काही युक्त्याही त्यांनी करून पाहिल्या. १८९५ मध्ये एकावर एक दोन पंख असलेले ग्लायडर बांधले. पंखाचा विस्तार कमी ठेवून क्षेत्रफळ वाढवता आले, तर शरीराने तोल सावरणे सोपे जाईल, हा हिशेब. जोरदार वाऱ्यात हे ग्लायडर काही क्षण जागच्या जागी तरंगत राहत, कधी कधी निघाल्या ठिकाणापेक्षाही वर जात. पण मुख्य भिस्त शरीरावरच राहिली.

दुसरी चूक इंजिनाची. कार्बन डायऑक्साइड वायूच्या दाबावर चालणारी छोटी मोटार त्यांनी बनवली, ती पंखाची टोके पक्ष्यासारखी वर-खाली हलवण्यासाठी. पंखा, म्हणजे प्रोपेलर, त्यांनी बाजूला ठेवला. करकोच्यांनी त्यांना पंखाचा बाक शिकवला हे खरे. पण करकोच्यांवरच्या याच विश्वासाने त्यांना पंख फडफडवण्याच्या वाटेवर अडकवूनही ठेवले. ही मोटार लावून ते कधीच नीट उडू शकले नाहीत.

९ ऑगस्ट १८९६ रोजी काय झाले?

त्या उन्हाळ्यात ते रिनोच्या टेकड्यांपैकी श्टोलन गावाजवळच्या गोलेनबर्गवर जात होते. रविवार होता. ऊन चांगले होते. सोबत त्यांचे मेकॅनिक पाउल बायलिश. आठवडाभरापूर्वीच अमेरिकी तरुण भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी इथे येऊन त्यांची उड्डाणे पाहिली होती, फोटो काढले होते आणि स्वतःही लहानशी झेप घेऊन पाहिली होती.

आधीचे उड्डाण सुरळीत झाले. नंतरच्या उड्डाणात ग्लायडर अचानक हवेत थबकला. तापलेल्या जमिनीवरून वर उसळलेल्या हवेच्या झोताने त्याचे नाक वर गेले असावे, असे मानले जाते.

नाक वर गेले की काय होते? पंखाचा हवेशी असलेला कोन वाढतो. काही मर्यादेपर्यंत कोन वाढला की लिफ्टही वाढते. पण त्या मर्यादेपलीकडे हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहायची थांबते, विस्कटते आणि लिफ्ट झपकन घटते. याला स्टॉल म्हणतात. विमान चालवायला शिकणाऱ्या प्रत्येकाला आज स्टॉलमधून बाहेर पडण्याचा सराव करावा लागतो. उपाय एकच : नाक खाली करा, वेग घ्या. त्यासाठी दोन गोष्टी लागतात, नाक खाली करण्याचे साधन आणि सावरायला पुरेशी उंची. लिलिएंथाल यांच्याकडे पाय होते आणि सुमारे १५ मीटर उंची. बघणाऱ्यांनी त्यांना पाय पुढे फेकताना पाहिले. ग्लायडर नाकावर येऊन जमिनीत घुसला.

ते शुद्धीवर आले तेव्हा शरीर हलत नव्हते. मानेचा मणका मोडला होता. गाडीतून त्यांना गावातल्या खानावळीत नेण्यात आले. निरोप मिळताच गुस्ताव आले. दुसऱ्या दिवशी रेल्वेने त्यांना बर्लिनला प्रख्यात शल्यविशारद बेर्गमान यांच्या रुग्णालयात हलवण्यात आले. तिथे १० ऑगस्ट रोजी त्यांचा मृत्यू झाला. वय ४८. मागे अ‍ॅग्नेस आणि चार मुले.

जाता जाता त्यांनी बलिदानाविषयी एक वाक्य उच्चारले, असे इंटरनेटवर सगळीकडे सापडेल. त्यांच्या थडग्यावरही ते नंतर कोरले गेले. पण त्या अखेरच्या तासांत ते हे बोलल्याचा भक्कम पुरावा नाही. उड्या मारण्याआधी फळीची उंची मोजणारा हा माणूस होता. मरणाला तो आधीच तयार होता, ही गोष्ट मला तरी पटत नाही.

त्यांचे आकडे चुकले होते का?

हा प्रश्न राइट बंधूंनीच उभा केला आणि तो महत्त्वाचा आहे, कारण काही वर्षे लिलिएंथाल यांचे नाव त्यामुळे बदनाम झाले.

विल्बर यांनी १८९९ मध्ये स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणाविषयीचे वाचन मागवले. ऑक्टेव्ह शनूट या अमेरिकी इंजिनीअरच्या पुस्तकातून आणि लेखनातून लिलिएंथाल यांचे काम इंग्रजीत पोहोचलेच होते. त्यांचाच तक्ता वापरून भावांनी १९०० आणि १९०१ मध्ये ग्लायडर बांधले. दोन्ही ग्लायडरनी हिशेबापेक्षा बरीच कमी उचल दिली. साहजिकच संशय तक्त्यावर गेला.

त्या हिवाळ्यापूर्वी भावांनी डेटनच्या दुकानात लाकडी पेटीचा वाऱ्याचा बोगदा केला आणि छोट्या पंखांचे दोनशेच्या आसपास नमुने तपासले. उत्तर वेगळेच निघाले. लिफ्ट काढण्याच्या सूत्रात हवेच्या दाबाचा एक गुणांक असतो. तो अठराव्या शतकातल्या स्मीटन या ब्रिटिश इंजिनीअरच्या नावाने चालत आला होता आणि शतकभर सगळे तोच वापरत होते. राइट बंधूंना तो खऱ्यापेक्षा जवळजवळ दीडपट मोठा असल्याचे आढळले. दुसरे म्हणजे, लिलिएंथाल यांचा तक्ता त्यांच्या विशिष्ट आकाराच्या, विशिष्ट बाकाच्या पंखासाठी होता. भावांनी तो वेगळ्या आकाराच्या पंखाला लावला होता. त्या एका पंखापुरते लिलिएंथाल बऱ्यापैकी बरोबर होते.

२०१६ मध्ये जर्मनीच्या डीएलआर या हवाई संशोधन संस्थेने त्यांच्या विक्रीच्या ग्लायडरची हुबेहूब प्रतिकृती करून ती वाऱ्याच्या मोठ्या बोगद्यात तपासली. माफक उंचीवर हा ग्लायडर नीट आणि स्थिर उडू शकत होता, असे त्यातून दिसले.

राइट बंधूंनी लिलिएंथाल यांच्याकडून घेतले ते आधी ग्लायडरवर सराव, मग इंजिन ही पद्धत. आणि सोडले ते शरीराने तोल सांभाळणे. विल्बर यांनी हिशेब केला होता की पाच वर्षांत लिलिएंथाल यांचा हवेतला एकूण वेळ जेमतेम पाच तास भरतो, तोही काही सेकंदांच्या तुकड्यांत. सायकल चालवणाऱ्याने एवढ्या सरावावर भर गर्दीच्या रस्त्यावर जाऊ नये, मग आकाशाचे काय? म्हणून त्यांनी पंखांची टोके दोरीने पिळून तोल सावरण्याची युक्ती काढली, पुढे नाक वर-खाली करणारे पाते लावले. विल्बर यांचाही टायफॉइडने १९१२ मध्ये मृत्यू झाला. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्याचा विषय होता, ओटो लिलिएंथाल.

आज काय उरले आहे?

गुस्ताव यांनी भावाची कहाणी लिहून ठेवली. पण पंख फडफडवणाऱ्या विमानाचा नाद त्यांनी सोडला नाही. विमाने महासागर ओलांडू लागली होती, तरी १९३३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्याच मागे होते.

लिश्टरफेल्डेतली ती मानवनिर्मित टेकडी आता उद्यान आणि स्मारक आहे. पायऱ्या चढून वर जाता येते. बर्लिनच्या टेगेल विमानतळाला लिलिएंथाल यांचे नाव होते, तो २०२० मध्ये बंद झाला.

गोलेनबर्गच्या पायथ्याशी मात्र एक विमान उभे आहे. २३ ऑक्टोबर १९८९ रोजी, बर्लिनची भिंत पडण्याच्या काही दिवस आधी, पूर्व जर्मनीच्या इंटरफ्लुग कंपनीने आपले निवृत्त होत असलेले चार जेट इंजिनांचे आयएल-६२ हे प्रवासी विमान श्टोलनच्या गवताळ पट्टीवर उतरवले. पट्टी एक किलोमीटरही लांब नव्हती. या विमानाला एरवी त्याच्या कितीतरी पट धावपट्टी लागते. धुळीचा लोट उठला आणि विमान सुखरूप थांबले. ते पुन्हा उडण्यासाठी आणलेलेच नव्हते. आता तिथे छोटे संग्रहालय आहे आणि गावातली जोडपी त्यात नोंदणी पद्धतीने लग्नही करतात. विमानाच्या अंगावर नाव लिहिले आहे : लेडी अ‍ॅग्नेस.